पन्नास माणसांतली संधी

सिंदी (रेल्वे),
१४ सप्टेंबर २०२०

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

'प्रिय विद्यार्थिनी, नव्या शैक्षणिक वर्षात तुझे हार्दिक स्वागत! अखिल मानवजात एका अदृश्य शत्रूशी झुंजत असताना तू ज्ञानाची मशाल हाती घेतली आहेस. लक्षात ठेव, प्रत्येक संकटात एक संधी दडलेली असते. ती ओळखणारेच पुढे जातात. डगमगू नकोस. संधी ओळख आणि पाऊल उचल!'

इथपर्यंतचा मजकूर आमच्या प्राचार्यांचा. याच्या खालचा तुझ्या मामाचा.

प्राचार्यांनी 'प्रेरणापत्र' नावाची योजना काढली आहे. ज्या मुलांच्या गावी फोनला रेंज नाही त्यांना प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताने, कॉलेजच्या छापील कागदावर, शिक्का मारून धीर द्यायचा. माझ्या वाट्याला तुझे गाव आले. म्हणजे तू आणि तुझी शेजारीण चंचल. तू माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी असल्यामुळे तुला धीर देणे मला सोपे जाईल, असे साहेबांचे मत पडले. पत्रे पेटीत टाकतानाचा फोटो वर्तमानपत्रात द्यायचा होता. फोटोवाला उशिरा आला, तोवर पत्रे टाकून झाली होती. मग रिकामी पाकिटे पुन्हा टाकली. तुला एखादे रिकामे पाकीट आले तर ते साहेबांचे समज.

बारावीनंतर तू आमच्याकडे राहून शिकणार हे ठरलेच होते. पण तुझी जयवंतामामी सेवाग्रामच्या दवाखान्यात कोरोनाच्या वॉर्डात नर्स. अशा घरात परक्याची लेक आणून धोका कसा पत्करू? जग ताळ्यावर आले की मागची खोली तुझीच आहे. तोवर घरूनच अभ्यास कर. देवळे बंद आहेत, मी रोज बाहेरूनच हात जोडतो. तुझे नाव घेतो.

भाऊजींना आणि सखूताईला नमस्कार. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

तुझा,
नागेशमामा


धामणटेक,
२३ सप्टेंबर २०२०

मामा, नमस्कार.

पत्र भरलेलं आलं. चंचललाही आलं. दोघींच्या पत्रातली मशाल एकच आहे, अक्षरसुद्धा.

आमचं कॉलेज सुरू झालं. गावात रेंज फक्त टेकडीवर, माता मायच्या ओट्यापाशी येते. फोन चंचलचा, आणि आसपासच्या गावांतले सगळे फर्स्ट इयरवाले तिच्याभोवती. पहिल्या दिवशी प्राचार्य साहेब बोलले. म्हणाले, "घराबाहेर पडू नका." ते ऐकायला आम्ही टेकडी चढून आलो होतो. साहेब म्हणाले, "एकमेकांपासून दोन हात लांब राहा." ते नीट ऐकू आलं नाही म्हणून सगळे अजून जवळ सरकले. मग साहेबांचं चित्र तोंड उघडं असतानाच थांबलं, आणि थांबलंच. आमच्यातला निकेश म्हणाला, "गेले का बे सायेब? उदबत्ती लावा कोणी."

खाली उतरलो तर गावची दक्षता समिती उभी. गर्दी केली म्हणून दम दिला. समितीच्या तोंडाला मास्क होता, तरी मोहाचा वास येत होता. आपला जिल्हा दारूबंदीचा, मामा. सगळ्या देशात सगळं बंद झालं, आपल्याकडे तेवढी दारू चालू राहिली.

तुम्ही सांगितलं म्हणून पत्र बाबांना वाचून दाखवलं. संकटातल्या संधीचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "तुया मामा शिकेल माणूस हाये बाप्पा. बराबर लिवलं." मग पत्राची घडी करून खिशात ठेवली. बाबा खिशात फक्त तंबाखू ठेवतात हे तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ते पुलगावला गेले. काल तिकडचे पाहुणे आले. बंडूजी म्हणून कोणी आहेत, आणि त्यांचा मुलगा ओमप्रकाश. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मला चहा घेऊन बोलावलं आणि मास्क काढायला लावला. त्याला कोणी काढायला सांगितलं नाही, त्यामुळे मी त्याचे फक्त कान पाहिले. आईनं चहात साखर दोनदा टाकली.

यात मी कोणती संधी ओळखायची ते कळवा.

तुमची,
दामिनी


सिंदी (रेल्वे),
२ ऑक्टोबर २०२०

चि. दामिनीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून समाधान वाटले. भाऊजींनी माझे पत्र खिशात ठेवले! वीस वर्षांत मी सांगितलेले त्यांनी काही मनावर घेतले असेल तर हे पहिले. मी ही हकिकत प्राचार्यांना सांगितली. त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये 'पालकांचाही उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून तिचा उल्लेख केला आणि अहवालात घालायला लावली.

पाहुण्यांचे एवढे काय घेऊन बसलीस? या दिवसांत माणसांना माणसांची किंमत कळू लागली आहे. लोक मुद्दाम वाट वाकडी करून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. ही आपुलकीच आपल्याला तारेल. मात्र पाहुणे आले तरी अभ्यासाची वेळ मोडू देऊ नकोस. मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा ओळखीचा झाला हे बरेच झाले. चंचलच्या फोनची बॅटरी लवकर उतरते असे मागे म्हणाली होतीस.

साहेबांचे दुसरे प्रेरणापत्र सोबत आहे. त्यात वेळेचे नियोजन आहे. पहाटेचा वेळ चिंतनासाठी दिला आहे, तेवढा मला पटला. अधिक महिना चालू आहे. मी सकाळी पोथी वाचतो आणि मन शांत राहते. तूही मन शांत ठेव.

तुझा,
नागेशमामा


धामणटेक,
१७ नोव्हेंबर २०२०

मामा,

या वेळी सोपं लिहिते, म्हणजे समजेल.

माझं लग्न ठरलं. पुलगावच्या ओमप्रकाशशी, नऊ डिसेंबरला. पाहुणे ख्यालीखुशाली विचारायला आले नव्हते. अधिक महिना आडवा आला म्हणून थांबले होते, आता तुळशीचं लग्न लागलं की माझं.

मी बाबांना म्हटलं, मला शिकायचं आहे, मामांना विचारा. बाबांनी खिशातून तुमचं पत्र काढलं. म्हणाले, "मामाचाच तं कागद हाये. संकटात संधी. एरवी लगन म्हणलं का गावजेवण, बँड, मांडव, अन् तरीबी सोयरे म्हणते भाजी पातळ होती. आता सरकारच म्हणते पन्नास माणसं. कोणी नाव ठेवत नाई, कोणी रुसत नाई. असा टाइम पुन्हा येते का? मामानं लिवलं, पाऊल उचल. म्या उचललं."

ते पत्र बंडूजींनाही दाखवून झालं. शिक्का पाहून त्यांनी मान डोलावली.

गावात हेच चाललं आहे. दसऱ्यापासून टेकडीवर येणाऱ्या पोरी कमी होत गेल्या. वर्गावरचे सर रोज हजेरी घेतात आणि म्हणतात, रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.

मामा, मी कॉलेज अजून पाहिलं नाही. वर्गात बाक असतात की खुर्च्या तेही मला माहीत नाही. ते पाहायच्या आधी मला बोहला पाहायचा नाही. अठरा पूर्ण झाली आहेत, त्यामुळे कायद्याचं काही बोलू नका, बाबांनी ते विचारून घेतलं आहे.

आपल्याकडे मुलीला बोहल्यावर मामा आणतो. "मामा, मुलीले आणा" अशी हाक होते. मला सख्खे मामा एकच. म्हणून विचारते: तुम्ही आणणार का? धीर देणारं वाक्य नको. हो की नाही, एवढंच लिहा.

दामिनी


सिंदी (रेल्वे),
२१ नोव्हेंबर २०२०

ती. पुनाजीभाऊजींस साष्टांग नमस्कार.

चि. दामिनीच्या लग्नाचे कळले. त्यात माझ्या पत्राचा आधार घेतला गेल्याचेही कळले. भाऊजी, ते वाक्य शिक्षणाच्या संदर्भात होते. शिवाय ते माझे नव्हते, प्राचार्यांचे होते. त्यांनी ते कुठून घेतले मला माहीत नाही, पण तुमच्या खिशापर्यंत ते पोचेल असे त्यांनाही वाटले नसेल.

पाडव्याला देवळे उघडली. मी आत जाऊन उभा राहिलो. इतक्या महिन्यांनी समोरासमोर भेट, आणि मागायला काही सुचेना. नंतर लक्षात आले, मागायचे आहे ते देवाकडे नाही, तुमच्याकडे आहे. मुलीला हे वर्ष द्या. ती शिकते आहे, नुसती बसलेली नाही. शिक्षणाने माणसाचे कसे कल्याण होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही थांबणार नसाल तर मी लग्नाला येणार नाही. मामाचा मान मी घेणार नाही. तिला बोहल्यावर मी आणणार नाही. हे मी देवाला स्मरून लिहितो आहे.

सखूताईला नमस्कार. राग नसावा.

आपला,
नागेश


धामणटेक
ता. २५ नोव्हेंबर

नागेशरावले पुनाजीचा रामराम.

तुमचं पत्र भेटलं. या खेपी शिक्का नाई, म्हणजे तुमचंच असंन.

तुमी येत नाई म्हणता. झ्याक झालं. पन्नासात एक जागा मोकळी झाली. पोलीस पाटील रुसून बसले होते, त्याईले देतो. मामाचा मान चुलतमामाले देऊ. गावाले विचारू द्या का सख्खा मामा काऊन नाई आला. म्या सांगतो, तो पत्र लिवून राह्यला.

एक गोष्ट सांगा मले. पोट्टी तुमच्याकडं राहून शिकंन हे कोणाच्या ओसरीत ठरलतं? मंग तुमी म्हणले मामी वॉर्डात, घरात धोका हाये. म्या मानलं. पण जयवंताबाई तं हप्ता हप्ता तिकडंच दवाखान्याच्या खोलीत राह्यते, सखू फोनवर बोलते तिच्याशी. म्हणजे घरात तुमी अन् तुमचे देव. धोका कोणापासून हाये, देवापासून का? अन् परक्याची लेक म्हणे. बहिणीची लेक परकी कवापासून झाली?

म्या कॉलेजाचा दुश्मन नाई. कॉलेज कुठी हाये ते दाखवा. म्या पाह्यतो तं टेकडी हाये, अन् टेकडीवर पोट्टे-पोट्ट्या एका फोनात डोकं घालून बसले हायेत. गाव बोलते. बाप ऐकते. तुमाले सिंदीत ऐकू येत नाई. धीर देणं सोपं हाये मास्तर, टपालानं जाते. पोट्टी टपालानं जात नाई.

तुमची बहीण भांडत नाई, रडत नाई. भाकरी जाळते. पंधरा दिवसापासून जळेल भाकर खाऊन राह्यलो.

शिकवाचं असंन तं नेऊन शिकवा. नाई तं पन्नासात नाव नाई म्हणून समजजा.

पुनाजी


पुलगाव,
२१ डिसेंबर २०२०

दामिने,

पत्ता तुझ्या मामांचा टाकला आहे, तुझा आता तोच. सिंदीचं पाणी मानवलं का? कॉलेज बाहेरून तरी पाहिलं असशील. बाक आहेत का खुर्च्या ते कळव.

तू घरात पेटी भरत होतीस तेव्हा ओसरीत काय झालं ते तुझ्या मामांनी सांगितलं नसेल. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. मामा मास्क, वरून प्लास्टिकची काच, हातमोजे असे आले होते. गाडीवरून उतरले तर तुमचं कुत्रं पळालं. तुझे बाबा म्हणाले, "या मास्तर. कागद संपला का?" मामा म्हणाले, "मुलीला मामानं आणायचं असतं. मी आणायला आलो." बाबा म्हणाले, "लगनाले टाइम हाये." मामा म्हणाले, "कॉलेजाले नाई." घाबरले की तुझे मामाही आपल्यासारखं बोलतात.

मग बाबांनी विचारलं, "सोयऱ्याले का सांगू मी?" मला वाटलं आता मामा म्हणतील, सांगा मामाले कोरोना झाला. पण त्यांना खोटं जमत नाही. म्हणाले, "सांगा, मामाचं डोकं फिरलं. हे खरं हाये." तुझ्या बाबांनी ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही, पत्र तुझे मामा उघडतील. पण शिव्या देता देता पेटी त्यांनीच गाडीला बांधली, आणि रस्त्यात सुटू नये म्हणून दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली. मी पाहिलं.

आता पुढचं. तू बस खाली.

तारीख निघाली होती. तहसीलची परवानगी हातात होती. पन्नास जणांना सांगून झालं होतं, आणि पन्नासात जागा मिळालेला माणूस आपली जागा सोडत नाही. बंडूजी म्हणाले, तारीख काऊन वाया घालवाची. तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी ते आमच्याकडे चहाला आले. घर माहीतच होतं, भिंत एक. मला मास्क काढायला लावला. आईनं साखर एकदाच टाकली, तिला सवय आहे, मी तिसरी लेक.

मोबाईलवरची पत्रिका तीच ठेवली. तुझं नाव काढून माझं टाकलं. ते काम ह्यांनीच केलं, दुकानातल्या दुकानात.

"मामा, मुलीले आणा" अशी हाक झाली. माझे मामा वेळेवर आले. नवीन धोतर नेसून, सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

वाईट वाटून घेऊ नको. तू उठलीस म्हणून मी बसले असं नाही. ती जागाच तशी आहे, रिकामी राहत नाही. माणूस बरा आहे. मास्क काढल्यावर तर बराच बरा दिसतो. सासूबाई म्हणाल्या, नव्या सुनेजवळ फोन कशाला, म्हणून माझा फोन कपाटात गेला. आणि घरात फोनच फोन आहेत, दामिने! दुकान पुढे, घर मागे. दुरुस्त झालेल्या फोनमध्ये आवाज येतो का ते पाहायचं काम मला दिलं आहे. दिवसभर गावाच्या फोनमध्ये 'हॅलो, हॅलो' म्हणत असते. तिकडून कोणी 'बोल' म्हटलं की कापावा लागतो.

प्राचार्यांना सांग, प्रेरणापत्र आता धामणटेकला पाठवू नका, आई चूल पेटवते त्यानं. आणि हजेरीतून माझं नाव काढायला सांग. उगाच रोज गैरहजर लागत असेल.

तुझी,
चंचल


सिंदी (रेल्वे),
२९ डिसेंबर २०२०

चि. सौ. चंचलला अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी उघडले नाही. दामिनीने मला वाचून दाखवले. शिव्यांपर्यंत आम्ही दोघेही हसलो. पुढचा कागद तिने माझ्या हातात दिला आणि मागच्या खोलीत गेली. अजून दार लावून आहे. जयवंतामामी सुटीवर आली आहे, ती दाराशी बसली आहे.

मी उत्तर लिहायला कॉलेजचा कागद घेतला. 'प्रिय विद्यार्थिनी' एवढे लिहिले आणि बंद केले. हा कागद वहीचा आहे.

एका मुलीला आणले म्हणून मी देवापुढे जरा जास्तच ताठ उभा राहत होतो. जी तारीख मी मोडली असे समजत होतो, ती फक्त भिंत ओलांडून पलीकडे गेली. त्याबद्दल तुला धीर देणारे माझ्याकडे काही नाही, आणि तू मागितलेलाही नाहीस. तेव्हा कामाचे लिहितो.

गावनात्याने एका मुलीचा मामा तो साऱ्या मुलींचा मामा. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला माहेरचे वाण जाते. धामणटेकहून तुझी आई पाठवेलच, पण सिंदीहून मीही घेऊन येणार आहे. बंडूजींना तसे वेगळे पत्र टाकले आहे. पिशवीत तिळाचे लाडू असतील आणि पहिल्या सत्राची पुस्तके असतील, हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहिले आहे. नको असेल तर दोन्ही परत करावे, असेही लिहिले. संक्रांतीचे वाण दारातून परत पाठवणारे घर मी अजून पाहिलेले नाही.

परीक्षा फोनवर आहे. त्या दिवसांत मी माझा फोन घेऊन येईन. तू आत बसून लिही, मी दुकानात बाकावर बसेन. तेवढा वेळ गावाच्या फोनमध्ये 'हॅलो' मी म्हणेन. माझा आवाज वर्गात शेवटपर्यंत जातो, फोनमध्येही जाईल. ओमप्रकाशरावांना विचार, की बायको पास झाली तर दुकानाच्या पाटीचे काही बिघडते का. तू विचार, मी विचारले तर ते 'हो सर' म्हणतील आणि विसरतील.

तुझे नाव काढायला मी आज सकाळी प्राचार्यांकडे गेलो होतो. म्हणजे तू सांगितलेस म्हणून गेलो, काढायला नव्हे. ते काचेमागे बसले होते. म्हणाले, "लग्न झालं ना तिचं? मग कमी करा." मी म्हटले, "साहेब, विद्यापीठाचा नियम एकदा वाचू." त्यांनी मोठ्याने वाचला. विद्यार्थ्याने परीक्षा आपल्या घरून द्यायची आहे.

घर माहेरचे की सासरचे, हे विद्यापीठाने विचारलेले नाही.

तुझा,
नागेशमामा